हर्णैला मराठी शिकलेल्या विल्सनबाई



मालवणसमोर जसा सिंधुदुर्ग किल्ला, तसा हर्णै बंदरासमोर सुवर्णदुर्ग किल्ला. हर्णै हे रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीच्या बाजूला आहे. आपला जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. त्याआधी हर्णै आणि मालवण एकाच जिल्ह्यात होती. या हर्णैला १८२९ साली एक परदेशी बाई मराठी शिकायला येऊन राहिल्या. त्यांची हकीकत आज आपण वाचू.

त्यांचे नाव मार्गारेट. जन्म १७९५ सालचा. गाव स्कॉटलंड देशातले ग्रीनॉक, तेही बंदरच. वडील पाद्री होते. पाद्री म्हणजे ख्रिस्ती धर्माचे उपदेशक. १८२८ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे लग्न जॉन विल्सन या पाद्रीसाहेबांशी झाले. त्याच महिन्यात दोघे इकडे यायला निघाली. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता. तो १८६९ साली सुरू झाला. शिडाचे जहाज आफ्रिकेला वळसा घालून यायचे. सगळा भरवसा वाऱ्यावर. १८२९ च्या फेब्रुवारीत ती दोघे मुंबईस उतरली.

बाईंची देवावर फार श्रद्धा. शिकवायची हौसही मोठी. पण आल्या आल्या त्यांनी शाळा काढली नाही. ज्यांना शिकवायचे त्यांची बोली आधी यायला हवी. म्हणून नवराबायको हर्णैला जाऊन राहिली आणि मराठी शिकू लागली. तेव्हा बाई तेहतीस वर्षांच्या होत्या. आपल्या देशात त्या चांगल्या शिकलेल्या. पण मराठीपुढे निरक्षरच! अक्षर नवे, काना-मात्रा नव्या. आपल्या वर्गात काही मंडळी म्हणतात, "ह्या वयात आता खंयचा शिकना?" त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

पुढे विल्सनबाईंनी मुंबईत मुलींना शिकवायचे काम हाती घेतले. हे काम करणाऱ्या त्या पहिल्याच नव्हेत. अमेरिकन मिशनने १८२४ सालीच मुंबईत मुलींची शाळा काढली होती. पण काम सोपे नव्हते. मुलगी शिकली तर विधवा होते, असे लोक म्हणायचे. कोणी म्हणायचे, चेडवाक शिकवून काय करूचा? लग्नेही लहानपणी व्हायची. मुलगी चार अक्षरे वाचू लागली की सासरी जायची. बाई पुन्हा नव्या मुलींना घेऊन 'अ'पासून सुरुवात करायच्या. गरीब, निराधार मुलींनाही त्यांनी शाळेत घेतले. पाद्रीसाहेब फिरतीवर गेले म्हणजे मागचे सगळे काम त्यांच्यावर पडे. मुंबईत गावदेवीला सेंट कोलंबा शाळा आहे. तिची सुरुवात १८३२ साली विल्सनबाईंच्या हातून झाली.

१९ एप्रिल १८३५ रोजी बाई मुंबईत वारल्या. चाळिशीही गाठली नव्हती. इकडे येऊन जेमतेम सहा वर्षे झाली होती. पण काम थांबले नाही. पुढे त्यांच्या दोन बहिणी स्कॉटलंडहून मुंबईस आल्या. त्यांनी ते पुढे चालवले.

आता एक गोष्ट उघड सांगितली पाहिजे. लोकांनी ख्रिस्ती व्हावे, हा मिशनचा हेतू होता. तो त्यांनी लपवलाही नाही. त्यामुळे आईबाप बिचकत. ही भीती अगदीच पोकळ नव्हती. १८३९ साली विल्सनसाहेबांच्या शाळेतले दोन पारशी तरुण ख्रिस्ती झाले. मोठी खळबळ उडाली. पुष्कळ पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली.

मग काय करावे? परक्याने आणली म्हणून विद्या टाकून द्यावी की काय? शहाण्या माणसांनी तसे केले नाही. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. १८४८ साली त्यांनी पुण्यात स्वतः मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. १८४९ साली मुंबईतल्या शिकलेल्या तरुणांनीही मुलींच्या शाळा काढल्या. शेजारणीच्या चुलीतला विस्तव आणला, तरी आपल्या चुलीवर भात आपलाच शिजतो. विद्येचेही तसेच आहे.

आम्ही बरीच वर्षे हेडमास्तरकी केली. हुशार मुलगी दहावीपुढे घरी बसवलेली पाहिली की जीव हळहळायचा. कारण विचारले तर "कॉलेज लांब आसा" असे उत्तर मिळायचे. एक बाई जहाजात महिनोन् महिने काढून आपल्या मुलींना 'अ' शिकवायला आली. मग एस. टी.चा तासभराचा रस्ता आपल्याला लांब का वाटावा? विल्सनबाईंचा धर्म त्यांचा, आपला आपल्याजवळ. पण त्यांची चिकाटी आपण घ्यावी. त्याला कोणाची हरकत नाही.

विचार करा आणि सांगा :
१. शाळा काढण्याआधी विल्सनबाई हर्णैला का गेल्या?
२. आईबाप मुलींना शाळेत पाठवायला का बिचकत?
३. तुमच्या वाडीतल्या कोणत्या मुलीची शाळा सुटली आहे? तिच्या घरी जाऊन तुम्ही काय सांगाल? चार ओळी लिहून आणा.