चोळण्याआधी चाचपणे

प्रश्न : मी भोकर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. यंदा बारावी सायन्स झाली. माझी आजी गावातल्या बाळंतिणींना आणि तान्ह्या लेकरांना तेल लावते. कुणाचा पाय मुरगळला, कुणाला उसण भरली तरी तिलाच बोलावणे येते. आमच्या बैलाचा खांदा सुजला की तोही तीच चोळते. हे काम नीट शिकून माणसे आणि जनावरे दोघांसाठी व्यवसाय म्हणून करता येईल का? मोबाइलवर दोन दिवसांत प्रमाणपत्र देणारे कोर्स दिसतात, ते करावेत का? आणि आजीने हे काम थांबवावे का? घरात त्यावरून वाद आहे.
— एक वाचक, भोकर

उत्तर : करता येईल, आणि करावे असेच माझे मत आहे. मात्र माणसे आणि जनावरे दोन्हींसाठी मिळून एकच परवाना आपल्या कायद्यात नाही. एका बाजूचे शिक्षण तुम्हाला पूर्ण घ्यावे लागेल आणि दुसऱ्या बाजूला जाणत्याच्या देखरेखीखाली मदतनीस म्हणून काम करावे लागेल. दोन दिवसांच्या प्रमाणपत्राने यातला कुठलाच अधिकार मिळत नाही. त्या पैशांत एक चांगला थर्मामीटर आणि शरीररचनेचे एक पुस्तक घ्या.

माणसे आणि जनावरे तुमच्या मनात एकत्र आली यात वावगे काही नाही. गिरनारच्या खडकावरील दुसऱ्या लेखात सम्राट अशोकाने माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा या दोन्हींची सोय केल्याचे एका दमात कोरून ठेवले आहे. ही बावीसशे वर्षांहून जुनी गोष्ट. जवळचे उदाहरण हवे असेल तर पुण्याजवळच्या उरुळी कांचनचे घ्या. मार्च १९४६ मध्ये गांधीजी तिथे राहिले, गावकऱ्यांवर निसर्गोपचार केले आणि पुढचे काम मणिभाई देसाई या तरुण कार्यकर्त्यावर सोपवले. मातीच्या पट्ट्या, कटिस्नान, मालिश, आहार हे त्या आश्रमाचे उपचार. मणिभाईंनी तिथेच गीर गायी सांभाळल्या आणि १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. तिने शेतकऱ्याच्या दारात जाऊन गायींना कृत्रिम रेतनाची सेवा दिली. १९८२ मध्ये मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तुमच्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की मणिभाई पशुवैद्यक नव्हते. गायींच्या कामासाठी त्यांनी त्या विद्येत शिकलेली माणसे उभी केली. दोन्हींची काळजी एका माणसाने वाहिली, पण दोन्हींचा इलाज आपणच करतो असे त्यांनी कधी मानले नाही.

कायदाही हेच सांगतो. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार जनावरांवर उपचार करण्याचा हक्क नोंदणीकृत पशुवैद्यकाचा. पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्यांना राज्य सरकार ठरवून देईल तेवढ्या किरकोळ सेवा देता येतात, त्याही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. माणसांच्या बाबतीत महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ आहे. नोंदणी नसताना वैद्यकी करणे हा त्यात गुन्हा आहे. फिजिओथेरपीसारखे व्यवसाय आता २०२१ च्या केंद्रीय कायद्याखाली आले आहेत. ब्रिटनमध्ये घोड्या-कुत्र्यांची फिजिओथेरपी हा रुळलेला व्यवसाय आहे, पण तिथेही २०१५ च्या आदेशानुसार पशुवैद्यकाने जनावर आधी तपासावे लागते आणि मग त्याच्या सांगण्यावरून फिजिओथेरपिस्ट उपचार करतो. थकल्या अंगाला तेल लावणे, खरारा करणे ही काळजी झाली. दुखण्याला नाव देऊन ‘हे मी बरे करते’ म्हणणे हा इलाज झाला. काळजी घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता खऱ्या विषयाकडे, म्हणजे हाताकडे येऊ. हा व्यवसाय करणाऱ्याने चोळण्याआधी चाचपायला शिकावे. कुठे हात लावायचा नाही हे ज्याला कळते, त्याच्याच हाती दुसऱ्याचे अंग द्यावे.

बैलाचा खांदा घ्या, कारण तो तुमच्या घरचाच अनुभव आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदेमळणी होते; हळद आणि लोणी किंवा तूप लावून बैलाचे खांदे मळतात. वर्षभर ज्यावर जू बसले त्या जागेला वर्षातून एकदा तरी माणसाचा मऊ हात लागावा, हा त्यामागचा भाव मला फार मोलाचा वाटतो. पण सुजलेला खांदा ही वेगळी बाब. जोडीतला एक बैल उंच आणि एक ठेंगणा असला, जू खडबडीत किंवा ओले असले, की घासून घासून खांदेसूज येते. सूज ताजी आणि गरम असेल तर पहिले एक-दोन दिवस गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या, चोळायचे अजिबात नाही, आणि बैलाला जुवाला लावायचे नाही. गरमपणा ओसरल्यावर शेक. सूज मऊ पडून आत पू झाल्यासारखी लागली, किंवा जुनी होऊन दगडासारखी घट्ट झाली, तर ते काम पशुवैद्यकाच्या शस्त्राचे. माणसाच्या मुरगळलेल्या घोट्यालाही हाच नियम आहे : आधी गार आणि विश्रांती, शेक नंतर. आपल्याकडे मात्र पाय मुरगळला की पहिल्याच रात्री गरम तेलाने रगडतात आणि सकाळी पाय दुप्पट सुजतो.

फऱ्या हा रोग ओळखायला तर हातच लागतो. पावसाळ्याच्या तोंडाशी धडधाकट, तरुण जनावर अचानक लंगडते, मांडीवर किंवा फऱ्यावर सूज येते आणि ती दाबली की बोटांखाली चरचरते, कारण आत वायू साठलेला असतो. अनेक ठिकाणी त्याला लचक समजून चोळतात. फऱ्या एक-दोन दिवसांत जीव घेतो. ती चरचर बोटांना लागली की तेलाची वाटी बाजूला ठेवून फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा क्रमांक लावायचा. खरे तर पावसाळ्याआधी लस टोचली असेल तर ही वेळ सहसा येत नाही. दुसरा धोका तुमच्या स्वतःच्या जिवाचा. गाय लाळ गाळते, गिळता येत नाही, घशात काही अडकले असावे म्हणून लोक तोंडात हात घालतात. पिसाळलेल्या जनावराचेही लक्षण नेमके असेच असते. अशा वेळी हात मागे घ्यायचा, आणि लाळ अंगाला लागली असेल तर ती जागा साबणाने पंधरा मिनिटे धुऊन तडक दवाखाना गाठायचा.

चाचपण्याचा सराव निरोगी जनावरावर करा. गायीचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२ अंश फॅरेनहाइटच्या आसपास असते, म्हणून माणसाच्या हाताला ती कायम किंचित गरमच लागते. तापाचा अंदाज हाताने न घेता थर्मामीटरने घ्यावा. डाव्या भकाळीत मूठ दाबून उभे राहा. पोट नीट चालत असेल तर दोन मिनिटांत दोन-तीन वेळा आतून हलका धक्का मुठीला जाणवतो. तोच खळगा नगाऱ्यासारखा फुगला तर चोळत बसू नये, ती पोटफुगी आहे. कासेवर हात फिरवण्याचा अर्थही समजून घ्या. धार काढण्याआधी कास धुऊन हलके चोळली की गायीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटते, मिनिटाभरात पान्हा येतो आणि त्याचा जोर काही मिनिटेच टिकतो. अंगठा मुडपून पिळल्याने सड दुखावतात. पूर्ण मुठीने धार काढावी. गाय कुठे हात लावू देते हेही पाहा. ऑस्ट्रियातील अभ्यासकांना असे दिसले, की गायी एकमेकींना जिथे चाटतात त्या मानेखालच्या भागावर माणसाने हात फिरवला तर गाय मान लांब करते आणि कान खाली सोडते. तुम्ही हे घरच्या गोठ्यात कधीच पाहिले असेल.

कासदाहावर (दगडीवर) राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ एक घरगुती लेप सुचवते : कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम वाटून, तो पातळ करून दिवसातून अनेक वेळा कासेला लावायचा. पारंपरिक ज्ञान मोजून-मापून पुढे आणले की ते असे दिसते. याउलट डाग देणे आणि बिब्ब्याने भाजणे हे बैलालाही नको, लेकरालाही नको. कुणी कितीही गळ घातली तरी त्याला नाही म्हणा.

माणसांच्या बाबतीत हात आवरायच्या जागा अशा. एकच पोटरी सुजलेली, दुखरी, गरम असेल तर आत रक्ताची गाठ असू शकते. चोळली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. बेंबी सरकली म्हणून पोट चोळतात, पण उजवीकडे खाली दुखत असेल तर ते अपेंडिक्स असू शकते. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा गेला, किंवा जांघेच्या आतला भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना. म्हातारे माणूस पडल्यावर पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुब्याचे हाड मोडलेले असू शकते. त्याला न हलवता १०८ ला फोन करायचा.

स्पर्शाचा उपयोग किती, याचेही प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. १९८६ मध्ये अमेरिकेत टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रोज तीन वेळा, पंधरा-पंधरा मिनिटे हलके चोळले. तेवढेच दूध मिळणाऱ्या इतर बाळांपेक्षा त्यांचे वजन ४७ टक्के अधिक वेगाने वाढले. पाठदुखीला मालिशने काही काळ आराम पडतो. झोप सुधारते, मन शांत होते. याच्या पुढचे दावे जपून ऐकावेत. हात न लावता शक्ती सोडून कर्करोग बरा करणाऱ्या किंवा एक बिंदू दाबून साखर उतरवणाऱ्या पद्धतीला आधार नाही, आणि असे सांगणाऱ्याकडे शिकायला जाऊ नये.

आता शिक्षण. तुम्ही बारावीला जीवशास्त्र घेतले असेल तर ‘नीट’ देऊन दोन्ही वाटा खुल्या आहेत. मला विचाराल तर मी पशुवैद्यकाची वाट आधी सुचवीन. आपल्या भागात लाल कंधारी आणि देवणी या दोन नामांकित जाती आहेत, लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत त्या डोळे भरून पाहता येतात, आणि गोठ्यात उतरून काम करणाऱ्या शिकलेल्या मुलींची इथे फार गरज आहे. उदगीर आणि परभणी इथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. दोन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. पदवीला आंतरवासितेसह साडेपाच वर्षे लागतात. तेवढे शक्य नसेल तर त्याच विद्यापीठाच्या पदविकेची चौकशी करा. घर सोडता येत नसेल तर ‘उमेद’ अभियानातील पशुसखीचे प्रशिक्षण हा चांगला आरंभ आहे. शेळ्या-कोंबड्यांची प्राथमिक काळजी, लसीकरणासाठी मदत आणि वेळेवर डॉक्टरांना बोलावणे हे पशुसखीचे काम, आणि त्यात हात तयार होतो.

माणसांची बाजू निवडलीत तर फिजिओथेरपीची पदवी सर्वांत भक्कम. निसर्गोपचाराची ओढ असेल तर पुण्याची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. ज्या बापू भवनात ती चालते तिथे पूर्वी डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते आणि गांधीजी तिथे राहिले आहेत. मालिशच हातात हवी असेल तर पंचकर्म तंत्रज्ञाचे प्रशिक्षण असते. त्यात वैद्यांच्या सांगण्यावरून काम करायचे असते. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथल्या पंचकर्म विभागात एकदा समक्ष जाऊन या.

राहिला आजीचा प्रश्न. तिला थांबवू नका. बाळंतिणीजवळ रोज तासभर बसणारे, तिचे ऐकणारे दुसरे कुणी घरात अनेकदा नसते, आणि बाळंतपणानंतरची उदासी पहिल्यांदा आजीसारख्या बाईच्याच नजरेला पडते. काही गोष्टी मात्र तिच्याशी शांतपणे बोला. बंद खोलीतली शेगडी आणि धुरी बंद करावी, बाळाचा श्वास त्याने कोंडतो. नाका-कानात तेल सोडू नये. बाळाची छाती दाबून दूध काढू नये, त्याने गळू होते. टाळू दाबून डोके गोल करायला जाऊ नये, पाय धरून उलटे टांगू नये. बाळाच्या नाजूक कातडीला मोहरीच्या तेलापेक्षा खोबरेल बरे. नाळ पडली नसेल तर तिच्याभोवती तेल-हळद काही नको, ती कोरडी राहू द्यावी. बाळ निस्तेज पडले, अंगावर प्यायचे सोडले, अंग गार किंवा तापलेले लागले, तर त्या दिवशी मालिश नाही, आधी दवाखाना. बाळंतिणीचे सिझेरियन झाले असेल तर पोटाला हात डॉक्टरांना विचारूनच लावावा; तोवर पाठ, खांदे आणि हात-पाय यांना तेल लावायला हरकत नाही. पायांना लावण्याआधी दोन्ही पोटऱ्या शेजारी ठेवून पाहाव्यात, कारण बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत रक्ताच्या गाठीचा धोका वाढलेला असतो.