अनुदान आणि शेतकऱ्याची पूर्वतयारी

लातूर जिल्ह्यातील देवणी तालुका कर्नाटकाच्या सीमेला लागून वसलेला आहे. देवणी गोवंशामुळे या गावाचे नाव सर्वत्र परिचित झाले आहे. येथील शेती बव्हंशी पावसावर अवलंबून असून सोयाबीन, तूर व हरभरा ही मुख्य पिके होत. एक पाऊस चुकला तरी वर्षाचा हिशेब कोलमडतो. अशा भागात शासकीय अनुदानाचे मोल मोठे आहे. परंतु त्याचे नियम नीट समजून घेतले तरच ते पदरात पडते.

अनुदान म्हणजे काय?

पूर्वीची तगाई हे कर्ज होते व ती व्याजासह फेडावी लागे. अनुदान परत करावयाचे नसते. त्याचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिला, थेट उत्पन्न साहाय्याचा. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजना १ डिसेंबर २०१८ पासून लागू झाली. तीत पात्र कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये, २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत, बँक खात्यात मिळतात. २०२३ मध्ये राज्य शासनाने नमो शेतकरी महासन्मान निधी योजनेद्वारे तीत तितकीच भर घातली. दुसरा प्रकार, विशिष्ट कामासाठी मिळणाऱ्या अनुदानाचा. उदाहरणार्थ, ठिबक सिंचन, अवजारे किंवा शेततळे.

हिशेब कसा करावा?

ठिबक सिंचनासाठी केंद्र पुरस्कृत योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांस ५५ टक्के व इतरांस ४५ टक्के अनुदान ठरविलेले आहे. राज्याने २०२१ मध्ये पूरक अनुदान देऊन ते अनुक्रमे ८० व ७५ टक्क्यांपर्यंत नेले. मात्र ही टक्केवारी शासनाने ठरविलेल्या खर्चावर काढली जाते, दुकानदाराच्या बिलावर नव्हे. समजा, ठरविलेला खर्च १,००,००० रुपये आहे व बिल १,२०,००० रुपयांचे झाले. अल्पभूधारकास ८०,००० रुपये अनुदान मिळेल आणि ४०,००० रुपये स्वतः सोसावे लागतील. शिवाय अनुदान बहुधा काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावरच जमा होते. तोपर्यंतची रक्कम सावकाराकडून चढ्या व्याजाने उचलली, तर अनुदानाचा मोठा भाग व्याजातच जाईल. म्हणून पैशाची सोय आधी करावी.

कोठे चुकते?

पहिली चूक घाईची होय. महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज केल्यानंतर निवड होऊन पूर्वसंमती मिळाल्यावाचून खरेदी करू नये. आधी घेतलेल्या वस्तूस अनुदान मिळत नाही. दुसरी चूक कागदपत्रांची. सातबारा, आठ-अ, आधार व बँक पासबुक यांवरील नावे जुळली पाहिजेत. खाते आधारशी संलग्न नसल्यास रक्कम जमा होत नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर वारस नोंद वर्षानुवर्षे रखडते, आणि जमीन कसणारा मुलगा अनुदानास मुकतो. २०२५ पासून राज्यात शेतकरी ओळख क्रमांकही आवश्यक करण्यात आला आहे.

बटईदाराचा प्रश्न

सन्मान निधी जमीनधारक कुटुंबास मिळतो. जो दुसऱ्याची जमीन बटईने कसतो, ज्याच्या नावे कोठेही उतारा नाही, त्याच्या वाट्याला घाम व नुकसानीचा धोका येतो, हप्ता येत नाही. स्त्रियांचीही स्थिती अनेक घरांत अशीच असते; खुरपणी, वेचणी त्यांनी करावी व सातबारा पुरुषाच्या नावे असावा. अनुदानाच्या व्यवस्थेतील ही उणीव मान्य केली पाहिजे. कुटुंबापुरता एक उपाय हाती आहे: वाटणीच्या वेळी पत्नीचे अथवा बहिणीचे नाव उताऱ्यावर लावणे.

सारांश

वारस नोंद वेळीच करून घ्यावी. पूर्वसंमतीपूर्वी खरेदी करू नये. ठरविलेला खर्च किती, हे सहायक कृषी अधिकाऱ्यास विचारावे. स्वतःच्या हिश्श्याची तरतूद आधी करावी. अनुदान हे शेतीला दिलेला टेकू आहे. शेताची बांधबंदिस्ती, पाण्याचा संचय व बियाण्याची निवड यांचा भार शेवटी शेतकऱ्यालाच उचलावा लागतो.