डिसेंबरात ट्राउट पकडायचा का?

प्रश्न : आम्ही चार मित्र डिसेंबरात शनिवार-रविवार जोडून हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात फ्लाय फिशिंगला जाणार आहोत. पकडलेला मासा लगेच पाण्यात सोडणार, म्हणजे परवान्याची गरज नसावी ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचा हेतू चांगला आहे, पण मासा सोडणार असलात तरी परवाना लागतोच, आणि डिसेंबरात तिथे ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर हा तपकिरी ट्राउटचा विणीचा हंगाम. मादी वाळू-गोट्यांत खळगा करून अंडी घालते आणि ती खड्यांखाली झाकते. वरून काहीच दिसत नाही. गळाला लागून दमलेल्या मादीचं नुकसान होतंच, पण उथळ पाण्यात उभं राहणाऱ्या माणसाचे बूटही ही अंडी चिरडतात. त्यामुळे ‘पकडा आणि सोडा’ हा या दिवसांतला उपाय नव्हे.

बेत रद्द करू नका, पुढे ढकला. मार्च-एप्रिल उत्तम; ऑक्टोबरही छान. मे-जूनमध्ये बर्फ वितळून पाणी गढूळ आणि जोरकस होतं. परवाना मत्स्य विभागाकडून घ्या, नियमही तिथेच विचारा. गळ बिनकाट्याचा वापरा, माशाला ओल्या हातांनीच धरा. थंड प्रवाहात एकट्याने उतरू नका. दुपारनंतर पाणी वाढू शकतं.

तिकिटं काढली असतील तर डिसेंबरात खुशाल जा. कोरड्या गवतावर दोरी फेकायचा सराव करा, पतलीकूहलचं ट्राउट केंद्र पाहा. गळ मात्र मार्चपर्यंत पाण्यात टाकू नका.