सायकलीच्या मागील चाकाचा आंस

सायकलीचें चाक ज्या लोखंडी दांड्याभोवतीं फिरतें, त्यास दुकानांत अ‍ॅक्सल म्हणतात. बैलगाडीच्या बाबतींत त्यासच आपण आंस म्हणतों. आमचा बिलोली तालुका मांजरेच्या कांठचा असल्यामुळें सह्याद्रीसारखे घाट येथें नाहींत. तथापि जाड टायरांच्या व अनेक गिअरांच्या ज्या सायकलींना माउंटन बाइक हें नांव आहे, त्या आतां कुंडलवाडी-सगरोळीच्या रस्त्यांवरही दिसतात. आणि त्यांच्या मागील चाकाचा आंस वांकला अशी तक्रार वारंवार ऐकूं येते. साध्या काळ्या सायकलीवर दोन पोतीं लादलीं तरी तिचा आंस टिकतो व महाग सायकलीचा वांकतो, हें कसें? या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां आंसाचे सर्व प्रकार आपोआप समजतील.

प्रथम साधी सायकल घ्या. तिचा आंस भरीव असून दोन्ही टोंकांस आटे पाडलेले असतात. तीं टोंकें मागील चिमट्याच्या खांचांत बसवून बाहेरून नट पान्यानें आवळतात. चाकाच्या हबांत दोन्ही बाजूंस कप, कोन व छर्रे असतात, आणि सर्व भार या छर्ऱ्यांवरून आंसावर येतो. साखळीच्या बाजूस एकच दातेरी फ्री असल्यामुळें त्या बाजूचे छर्रे चिमट्याच्या अगदीं जवळ असतात. म्हणून आंसाचा आधाराबाहेर उरणारा भाग आंखूड राहतो, आणि आंखूड काठी सहज वांकत नाहीं.

आतां स्वस्त गिअरच्या सायकलीकडे पाहा. तींत सहा किंवा सात चक्रांची फ्री हबाच्या बाहेर आट्यांवर बसविलेली असते. एवढ्या रुंद फ्रीला जागा करून देण्यासाठीं उजव्या बाजूचे छर्रे आंत सरकवावे लागतात, व ते आणि चिमटा यांमध्यें आंसाचा तीन-चार सेंटीमीटर भाग निराधार राहतो. आंस वांकविणारा जोर या लांबीच्या प्रमाणांत वाढतो. शिवाय साखळीची ओढ आहेच. पायडलचा दांडा १७० मिलिमीटर आहे असें धरा. पुढील चक्र ४४ दात्यांचें असल्यास त्याची त्रिज्या सुमारें ८९ मिमी भरते. म्हणून पायडलवर ५० किलो भार दिला तर साखळी सुमारें ९५ किलोनें ओढली जाते. चढावासाठीं २४ दात्यांचें चक्र घेतलें तर त्रिज्या सुमारें ४८ मिमी होते आणि तीच ओढ १७५ किलोवर जाते. चढावाचा गिअर पायांस हलका, पण आंसास जड! मग खड्ड्यांत चाक आदळलें कीं आंस उजव्या बाजूस वांकतो किंवा तुटतो, यांत नवल तें काय?

यावर खरा उपाय आंस जाड करणें हा नसून छर्रे बाहेर आणणें हा होय. शिमानो या जपानी कंपनीनें १९७८ सालीं फ्रीची यंत्रणा हबाचाच भाग बनविली. या रचनेस फ्रीहब म्हणतात. तींत उजवे छर्रे फ्रीच्या बाहेरील टोंकापाशीं, चिमट्यालगत बसतात. माझ्या मतें गिअरची सायकल घेतांना रंग व गिअरांची संख्या पाहण्यापूर्वीं ही एक गोष्ट विचारावी.

दुसरा प्रकार पोकळ आंसाचा. याची कथा इटलींतील. तेथील तुल्लिओ काम्पान्योलो या शर्यतपटूस १९२७ सालीं बर्फाळ घाटांत, थंडीनें बधिर झालेल्या बोटांनीं मागील चाकाचे नट सोडवितां आले नाहींत, असें सांगतात. त्या काळीं गिअर बदलण्यासाठीं चाकच काढून उलटें बसवावें लागे. पुढें त्यानें पोकळ आंसांतून जाणारी बारीक सळई व ती आवळणारी एक मूठ अशी युक्ति प्रचारांत आणली. आंस पोकळ केल्यानें कमजोर होत नाहीं काय? ताठपणा व्यासाच्या चतुर्थ घातावर अवलंबून असतो. १० मिमीच्या आंसांत ५ मिमीचें भोंक पाडलें, तर वजन एक चतुर्थांश घटतें; ताठपणा मात्र केवळ सोळाव्या हिश्शानें कमी होतो. येथें एक सूचना अवश्य आहे. ही मूठ नटाप्रमाणें गरगर फिरवून आवळावयाची नसते. ती सळईच्या रेषेंत आली कीं विरोध जाणवला पाहिजे, आणि पूर्ण मिटतांना तळहातावर तिची खूण उमटली पाहिजे.

तिसरा प्रकार आरपार आंसाचा. यांत चिमट्यास उघड्या खांचा नसून बंद भोंकें असतात. १२ मिमीचा आंस एका बाजूनें घालून हबांतून नेतात व दुसऱ्या बाजूच्या आट्यांत फिरवून बसवितात. भरीव दांडे तुलनेस घेतले तर १० मिमीपेक्षां १२ मिमीचा ताठपणा दुपटीहून थोडा अधिक भरतो. परंतु त्याहून मोठा लाभ हा कीं, चिमट्याचीं दोन्ही टोंकें एकत्र जखडलीं जातात व डिस्क ब्रेकची चकती दर वेळीं नेमक्या त्याच जागीं येते. जुनें माप १३५ मिमी, तर याचें १४२. हब सात मिमीनें रुंद झालें असें यावरून वाटतें. प्रत्यक्षांत दोन्ही बाजूंचे साडेतीन-साडेतीन मिमी फ्रेमच्या खोबणींत बसण्यांतच जातात. २०१४ सालीं आलेल्या १४८ मिमीच्या मापांत मात्र स्पोकांच्या कडा खरोखरच तीन-तीन मिमी बाहेर गेल्या, व मोठीं चाकें अधिक ताठ झालीं.

आमच्याकडील शाळेच्या वाटेस साधा भरीव आंस उत्तम. तो मोडला तरी कोणत्याही गांवीं मिळतो. आंस वांकला असल्याचा संशय आल्यास चाक काढून तो बोटांनीं फिरवावा. टोंक एका जागीं स्थिर न राहतां वर्तुळांत डोलूं लागलें, तर तो सरळ करीत न बसतां बदलावा, कारण एकदां वांकलेलें पोलाद पुन्हां ठोकल्यानें तेथेंच तुटतें. आरपार आंसवाल्यांनीं नांदेडच्या दुकानीं जातांना जुना आंस बरोबर न्यावा. १२ मिमीच्या आंसाचे आटे १, १.५ किंवा १.७५ मिमी अंतराचे असतात. दिसण्यांत सारखा म्हणून भलताच जोरानें फिरविला, तर फ्रेमचेच आटे जातात.