उसाचा हिशेब आणि तीन तक्ते

कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे नाव तुम्ही ऐकले असेल. 1998 मध्ये त्याच्या परिसरातील, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील 70 गावे संगणकांनी जोडण्याची योजना सुरू झाली. उसाची नोंद गावातच व्हावी, असा तिचा एक हेतू होता. पुढे 2006 मध्ये तेथील काही गावांत हीच माहिती मोबाइलच्या एसएमएसने मागवण्याचाही प्रयोग झाला.

संगणकात ही माहिती ठेवायची कशी? समजा, आपण एकच मोठी वही केली. एका शेतकऱ्याचे उसाचे चार प्लॉट आहेत. मग त्याचे नाव, गाव आणि बँकेचे खाते चार वेळा लिहावे लागेल. उद्या खाते बदलले, तर चारही ठिकाणी खाडाखोड! एक जागा चुकून राहिली, की घामाचे पैसे भलत्याच खात्यावर जाणार.

यावर एडगर कॉड या शास्त्रज्ञाने 1970 मध्ये उपाय मांडला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि ते तक्ते एकमेकांशी जोडावेत.

आपण तसे तीन तक्ते आखू या. पहिला शेतकऱ्यांचा: शेतकरी क्रमांक, नाव, गाव, खाते. दुसरा प्लॉटचा: प्लॉट क्रमांक, शेतकरी क्रमांक, क्षेत्र, लागणीची तारीख. तिसरा खेपांचा: खेप क्रमांक, प्लॉट क्रमांक, तारीख, वजन. (तारीख, वजन, हिशेब हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत, बरे का!)

शेतकऱ्याला नाव असताना क्रमांक कशाला? एका गावात एकाच नावाचे दोन पाटील असू शकतात. क्रमांक मात्र दोघांना कधीच सारखा मिळत नाही. म्हणून त्याला तक्त्याची ‘मुख्य किल्ली’ म्हणतात.

तक्ता तयार करतानाच प्रत्येक रकान्याचा प्रकार सांगावा लागतो. तारखेच्या रकान्यात कोणी ‘नंतर सांगतो’ असे लिहू लागला, तर संगणक ते घेत नाही. शेतकरी क्रमांक रिकामा सोडू नये, असाही नियम घालता येतो. पहिल्या तक्त्यात नसलेला क्रमांक दुसऱ्या तक्त्यात लिहिला, तर तोही नाकारला जातो. त्यामुळे क्रम पाळावा लागतो: आधी शेतकरी, मग प्लॉट, मग खेपा.

आता काट्यावर ट्रॉली आली. कारकून फक्त प्लॉट क्रमांक व वजन लिहितो. प्लॉटवरून शेतकरी सापडतो, शेतकऱ्यावरून खाते. खाते एकाच जागी लिहिलेले असल्याने ते बदलले तरी दुरुस्ती एकदाच करावी लागते.

करून पाहा: तुमच्या शाळेच्या ग्रंथालयासाठी असे तीन तक्ते आखा. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असतील, तर मुख्य किल्ली कोणती घ्याल?