घटक ५ : समुद्रतळातील सूक्ष्मजीवाश्म आणि मान्सूनचा इतिहास

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• समुद्रपृष्ठाचे प्राचीन तापमान कसे काढतात, हे सांगता येईल.
• मान्सूनचे वारे आणि खोल पाण्याचे वर येणे यांचा संबंध स्पष्ट करता येईल.
• अशा पुराव्याच्या मर्यादा ओळखता येतील.

५.२ प्रास्ताविक

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला. दादर-परळच्या हिंदमाता परिसरात तर त्याहून पुष्कळ कमी पावसातही पाणी साचते. मान्सून बदलतो आहे काय, हा प्रश्न म्हणूनच मुंबईकरांच्या दृष्टीने केवळ पुस्तकी नाही. मात्र उपकरणांच्या नोंदींचा काळ अल्प आहे. कुलाबा वेधशाळेची स्थापनाच १८२६ सालची. हजारो वर्षांचा इतिहास हवा असेल, तर गिरगाव चौपाटीवरून दिसणाऱ्या अरबी समुद्राच्या तळाशी जावे लागते.

५.३ कवचांतील तापमान

फोरॅमिनिफेरा हे एकपेशीय जीव होत. त्यांच्या काही जाती पाण्याच्या वरच्या थरात तरंगत जगतात आणि कॅल्शियम कार्बोनेटचे, वाळूच्या कणाएवढे कवच तयार करतात. मृत्यूनंतर ही कवचे तळाच्या गाळात साचतात. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या संस्थांतील संशोधक नळीने गाळाचा उभा स्तंभ काढतात, त्याचे थर चाळणीवर धुतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली कवचे निवडतात. थरांचे वय किरणोत्सारी कार्बनवरून सुमारे ५०,००० वर्षांपर्यंत ठरवता येते.

पाणी थंड असेल, तर कवचात ऑक्सिजन-१८ या जड समस्थानिकाचे प्रमाण वाढते. परंतु हिमयुगात हलका ऑक्सिजन बर्फात अडकतो आणि समुद्राचे पाणीच जड होते. क्षारतेचाही परिणाम होतो. म्हणून कवचातील मॅग्नेशियम व कॅल्शियम यांचे गुणोत्तरही मोजतात. ते उष्ण पाण्यात वाढते. दोन्ही मापे एकत्र ठेवली, म्हणजे तापमान व पाण्याचे स्वरूप वेगळे करता येते.

५.४ वारे आणि वर येणारे पाणी

नैर्ऋत्य मान्सूनचे वारे सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यांना जवळजवळ समांतर वाहतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते आणि त्याच्या जागी खालचे थंड, पोषकद्रव्ययुक्त पाणी वर येते. थंड प्रदेशांत आढळणारी ‘ग्लोबिजेरिना बुलॉयडीस’ ही जाती अशा पाण्यात विपुल वाढते. म्हणून गाळातील तिचे प्रमाण हे वाऱ्यांच्या जोराचे निदर्शक मानतात. डेव्हिड अँडरसन, जोनाथन ओव्हरपेक व अनिल गुप्ता यांना ओमानजवळच्या गाळात मागील चार शतकांत हे प्रमाण वाढल्याचे आढळले. वारे प्रबळ झाले, असा निष्कर्ष त्यांनी २००२ साली मांडला.

५.५ पुराव्याच्या मर्यादा

समजा, एका थरातील ३०० कवचांपैकी ६०, तर वरच्या थरातील ३०० पैकी १२० या जातीची आहेत. प्रमाण २० वरून ४० टक्क्यांवर गेले. म्हणून वारा दुप्पट झाला, असे म्हणता येईल का? नाही. इतर जाती घटल्या किंवा त्यांची कवचे विरघळली, तरीही टक्केवारी वाढते. शिवाय ही जाती वाऱ्याची साक्ष देते, लालबागेत पडणाऱ्या पावसाची नव्हे. पावसासाठी नदीमुखांजवळच्या पाण्याची क्षारता, गुहांतील चुनखडीचे स्तंभ असे अन्य पुरावे जोडावे लागतात.

५.६ सारांश

कवचांची रासायनिक घडण तापमान सांगते. जातींचे प्रमाण वाऱ्यांविषयी सांगते. भविष्यातील मान्सूनचे अंदाज देणारी गणिती प्रतिमाने याच भूतकाळावर पारखली जातात. त्यामुळे निदर्शक नेमके काय मोजतो, हे प्रथम विचारणे आवश्यक ठरते.

५.७ स्वाध्याय

१. केवळ ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून तापमान निश्चित का करता येत नाही?
२. ‘वारे वाढले म्हणजे पाऊस वाढला’ या विधानाचे परीक्षण करा.