वेशीवरची वर्दी : संगणकास नवे साधन कसे कळते?

आपल्या शाळेच्या संगणक कक्षात नववीच्या एका विद्यार्थिनीने पेन ड्राइव्ह लावला, पडद्यावर खिडकी उघडली आणि तिने आम्हांस विचारले, "सर, पडद्याला हे कुणी सांगितले?" आम्ही इतिहासाचे शिक्षक, संगणक कक्ष आमच्याकडे आला तो केवळ माणसे अपुरी म्हणून. त्या दिवशी आम्ही निरुत्तर झालो. नंतर जे अभ्यासले, ते माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे ठेवीत आहोत.

सर्वांत सोपा मार्ग असा की, प्रत्येक प्रोग्रामने दर क्षणी विचारीत राहावे, "कोणी आले का?" पण दहा प्रोग्राम असे विचारू लागले, तर संगणकाचा वेळ व वीज विचारपूस करण्यातच जाईल. त्यापेक्षा आलेल्याची वर्दी वेशीवरूनच मिळावी, हे बरे.

वर्दी म्हटली की आमच्यासारख्यास येसकर आठवतो. गावात कोण आले, कोण गेले हे सांगणे, दवंडी देणे, मृत्यूची वार्ता परगावी पोचविणे ही कामे आपल्या पूर्वजांवर वतन म्हणून लादली गेली. मध्यप्रांतात, म्हणजे आपल्या वर्धेकडे, हेच काम बहुधा कोतवाल म्हणून त्यांच्याच वाट्याला येई. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा 1958 साली झाला. वार्ता वाहणारा गावाला अत्यावश्यक होता, तरी त्याचे स्थान वेशीबाहेर. हे विसरून केलेली उपमा आम्हांस मान्य नाही. संगणकातील निरोप्या मात्र जन्माने नेमलेला नसतो, आणि निरोप त्यालाच मिळतो ज्याने आधी तो मागितलेला असतो.

आता प्रत्यक्ष क्रम पाहू. पेन ड्राइव्ह खोबणीत बसताच त्यातील एका रोधामुळे तारेवरील विद्युतदाब बदलतो. हा बदल यूएसबी हबच्या लक्षात येतो व तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यास, म्हणजे कर्नलला, कळतो. कर्नल साधनास त्याची ओळख विचारतो : उत्पादक कोण, वस्तू कोणती, वर्ग कोणता? साठवणीचे साधन आहे असे कळल्यावर योग्य तो चालक प्रोग्राम जोडला जातो. आमच्या कक्षातील लिनक्सवर कर्नल याच वेळी 'नवे साधन आले' अशी घोषणा करतो. ती यूडेव्ह नावाचा प्रोग्राम ऐकतो आणि नियम पाहून साधनाची नावे व परवानग्या ठरवितो. पुढे यूडिस्क्स ही सेवा ती वार्ता डी-बस नावाच्या सामाईक निरोप-मार्गावर टाकते. फाइल दाखविणाऱ्या प्रोग्रामने 'साठवणीच्या साधनांविषयी मला कळवा' अशी नोंद आधीच केलेली असते. म्हणूनच खिडकी उघडते. घोषणा करणाऱ्यास ऐकणारे कोण आहेत हे ठाऊक असण्याची गरज नसते. विंडोजमध्येही तत्त्व हेच आहे. विंडोज 95 पासून साधन बदलल्याचा संदेश प्रोग्रामच्या खिडक्यांना पाठविला जातो.

लिनक्समध्ये पूर्वी ही सारी मध्यस्थी हॅल नावाची एकच व्यवस्था करीत असे. ती अवजड झाली, आणि 2008 च्या सुमारास तिची कामे यूडेव्ह, यूडिस्क्स, यूपॉवर अशी वाटून देण्याकडे कल वळला. सर्व अधिकार एका हाती एकवटले की काय होते, हे इतिहासाच्या वर्गात निराळे शिकवावे लागत नाही. (हे सारे आमच्या प्राचीन ग्रंथांत होते, असे सांगणारे वक्ते भेटतात. आम्ही तसे सांगणार नाही.)

येथवर आगमनाची वार्ता झाली. निर्गमनाची निराळी, आणि खरे नुकसान तिथेच होते. त्याच विद्यार्थिनीने प्रकल्पाची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, पडद्यावरील पट्टी पूर्ण झाली, तिने तो उपटला. घरी गेल्यावर फाइल उघडेना. तीन आठवड्यांचे काम, वस्तीतल्या आजींच्या मुलाखती, सारे त्यात होते. ती रडली नाही. तेच आम्हांस अधिक लागले.

कारण असे की, पट्टी पूर्ण झाली तरी मजकूर काही काळ संगणकाच्या स्मृतीतच असू शकतो. साधनावर तो नंतर लिहिला जातो. साधन उपटल्यावरही कर्नल वर्दी देतो, परंतु ती घटना घडून गेल्यावर. मागाहून आलेल्या वार्तेने न लिहिलेले अक्षर परत येत नाही. म्हणून पूर्वसूचना माणसानेच द्यावयाची असते. 'सुरक्षितपणे काढा' ही आज्ञा दिली की उरलेला मजकूर साधनावर लिहिला जातो, मग साधन अलग होते आणि तसा निरोप येतो.

सुदैवाने तिची मूळ फाइल कक्षातील संगणकावर उरली होती. दुसऱ्या दिवशी तिने ती पुन्हा घेतली. या वेळी साधन काढू गेली तर प्रणालीने नकार दिला : साधन वापरात आहे. कोणता प्रोग्राम ते धरून बसला आहे, हे तिने स्वतः शोधले. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण मागे अजून चालूच होते.